मस्टरवर नाव कोणाचं?

(अमरावती येथे तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मला इथं बोलावलं ते कवी म्हणून. निरोप असा होता की चार कविता वाचा आणि बांधकाम मजुरांवर दोन शब्द बोला. कविता मी आणलेल्या नाहीत. आणली आहे ती ही वही. चाळीस पानी, शाळेतल्या पोराची, कव्हरवर सिमेंटचे डाग. ही माझ्या मामाची वही. मामा अकोल्यात सेंट्रिंगचं काम करतो. आत फक्त तारखा आहेत आणि प्रत्येक तारखेपुढं एक उभी रेघ. पूर्ण रेघ म्हणजे एक हजेरी. अर्धी रेघ म्हणजे अर्धा दिवस. मधून मधून गोल केलेला आकडा आहे, ती उचल. या वहीवर एक तंटा उभा राहिला, आणि या वहीपायीच तो पडता पडता राहिला. तो तंटा मी सांगणार आहे. पण त्याआधी रस्त्याचं बोलतो, कारण काल त्याच रस्त्यानं मी अकोल्याहून इथं आलो.

मूर्तिजापूर मागं पडलं आणि शेजारचा म्हातारा म्हणाला, "हा रेकॉर्डचा रस्ता हाये बाप्पा." खरं आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३. जून २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातलं लोणी ते अकोला जिल्ह्यातलं माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर सलग टाकला गेला. ३ जूनच्या सकाळी सुरू केला, ७ जूनच्या संध्याकाळी संपवला. १०५ तास ३३ मिनिटं. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, २५ किलोमीटरचा, १० दिवसांचा. आपल्या वऱ्हाडानं दोह्याला मागं टाकलं. गिनीज बुकात नोंद झाली. मंत्र्यांचं अभिनंदन झालं, प्राधिकरणाचं झालं, कंपनीचं झालं. होऊ द्या. काम झालं हे खरंच आहे आणि मला त्या कामाबद्दल तक्रार करायची नाही.

त्या बातमीत एक आकडा होता. सल्लागारांच्या लोकांसह ७२० माणसं रात्रंदिवस राबली. जूनचं वऱ्हाडातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हात तापलेलं डांबर. आता मी विचारतो, त्या ७२० पैकी एकाचं नाव तुमच्यापैकी कोणी वाचलंय? हात वर करा. एकही हात नाही. माझाही नाही. आपण वर्तमानपत्र वाचणारी पोरं, आपल्यालाही आकडा पाठ आणि नाव ठाऊक नाही. दोष मी आधी आपल्याला देतो.

आता याच रस्त्याची विक्रमाआधीची गोष्ट. हा रस्ता कित्येक वर्षं रखडला होता. इथं बसलेल्या प्रत्येकानं त्याची धूळ खाल्ली आहे. चौपदरीकरणाचं अमरावती ते चिखली हे काम २०१५ मध्ये आयएल अँड एफएस गटाच्या कंपनीकडं गेलं होतं. २०१८ मध्ये तो अख्खा गटच कोसळला. डोक्यावर ९० हजार कोटींच्या वर कर्ज. १ ऑक्टोबर २०१८ ला सरकार कंपनी न्यायाधिकरणात गेलं आणि जुनं संचालक मंडळ काढून नवं बसवलं. कर्ज देणाऱ्यांच्या याद्या झाल्या, दाव्यांच्या याद्या झाल्या, वकील आले. कंपनी बुडाली, पण तिच्या कागदाला कोणी बुडू दिलं नाही.

आणि मोठ्या कंत्राटांच्या तंट्यांसाठी सरकारनं काय काय केलं तेही ऐका. ३१ ऑगस्ट २०१६ ला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीनं ठरवलं: कंत्राटदार लवादात जिंकला आणि सरकारी संस्थेनं त्या निकालाला आव्हान दिलं, तरी निकालाच्या रकमेतले ७५ टक्के बँक हमीवर त्याला देऊन टाकायचे. का, तर तंट्यात पैसा अडकला की बांधकाम धंदा बसतो. २०२३ मध्ये 'विवाद से विश्वास' योजनेचा दुसरा भाग आला. कोर्टाचा निकाल असेल तर ८५ टक्क्यांपर्यंत, लवादाचा असेल तर ६५ टक्क्यांपर्यंत रक्कम घ्या आणि भांडण मिटवा. जून २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ खात्यानं सांगितलं की सरसकट प्रत्येक करारात लवादाचं कलम घालू नका, घातलं तर साधारण १० कोटींच्या आतल्या तंट्यांपुरतं ठेवा. त्यात बरं काय, वाईट काय, याच्यावर मोठमोठे वकील भांडताहेत. मला एवढंच दाखवायचंय की बांधकामातले करार आणि तंटे सुधारायचे असं हे सरकार म्हणतं, तेव्हा तिथं मोठ्या माणसाच्या थकलेल्या पैशाचा विचार टक्केवारी मांडून होतो. ७५, ८५, ६५.

मामाच्या पैशाची टक्केवारी कोणी काढली?

आता वही उघडतो.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोल्यात एका इमारतीचं काम चाललेलं. वर बिल्डर. बिल्डरनं बांधकाम एका ठेकेदाराला दिलेलं. त्यानं सेंट्रिंगचं काम एका पेटी ठेकेदाराला दिलं. पेटी ठेकेदारानं मुकादम धरला आणि मुकादमानं ठिय्यावरून नऊ माणसं उचलली. आमच्या मुंबईत ज्याला नाका म्हणतात तोच ठिय्या. सकाळी सात वाजता डबा घेऊन उभं राहायचं, आठ वाजता कोणी बोट दाखवलं की मोटरसायकलच्या मागं बसायचं. बोट दाखवणं, हा करार. मागं बसणं, ही सही.

ठरलं ७०० रुपये रोज. मामाच्या वहीत हजेऱ्या ४७. म्हणजे ३२ हजार ९०० रुपये. मधे घेतलेली उचल ९ हजार ५००. बाकी राहिले २३ हजार ४००. हिशेब तिसऱ्या स्लॅबनंतर करू, असं सांगितलेलं. तिसरा स्लॅब पडला. नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो काढला. दुसऱ्या दिवसापासून पेटी ठेकेदाराचा फोन बंद.

मुकादम म्हणाला, माझेच अडकलेत. ठेकेदार म्हणाला, मी पेटीवाल्याला दिलेत, तुम्ही कोण, मी ओळखत नाही. बिल्डर भेटलाच नाही, त्याचा वॉचमन भेटला. तो आपल्याच वस्तीतला. त्यानं पाणी पाजलं आणि म्हणाला, "काका, आत सोडलं त माही नोकरी जाते."

मामा एका सरकारी कार्यालयात गेला. साहेबानं विचारलं, पुरावा? मामानं वही दिली. साहेबानं चाळली. म्हणाला, "हे तर तुम्हीच लिहिलंय. सही कोणाची आहे?" सही कोणाचीच नव्हती. मामा मला फोनवर म्हणाला, "पोरा, म्या का चोरी केली का? मायाच घामाचे पैसे मांगून रायलो, अन् मलेच पुरावा मांगते." मी इकडं गोदीत. पोती खांद्यावर. फोन कानाला लावून ऐकत राहिलो. व्यवस्थेवर पानंच्या पानं कविता लिहिणारा मी, त्या क्षणी मामाला काय सांगावं ते मला सुचलं नाही. लाज वाटली. अजून वाटते.

रस्ता दाखवला त्या कार्यालयातल्या एका वयस्क कारकुनानं. त्यानं जाता जाता सहज विचारलं, "उचल रोख घेतली का फोनवर?" दोनदा फोनवर आली होती. दोन हजार आणि दीड हजार. पेटी ठेकेदाराच्या नंबरवरून, त्याच्या नावानिशी, तारखेनिशी. मामाच्या पोरीनं फोनमधून ती नोंद काढून दिली. मग तिनंच स्लॅबच्या दिवशीचा फोटो काढला. नऊ माणसं, हातात पेढे, आणि पाठीमागं बिल्डरचा, ठेकेदाराचा नावगावासकट मोठा फलक. उचल म्हणजे आपल्या गळ्यातला दोर असं मी लहानपणापासून ऐकत आलो. त्या दिवशी तोच दोर हाताशी आला. प्रकरण दाखल झालं, ठेकेदाराला बोलावणं गेलं, आणि तीन-चार तारखांनंतर तडजोडीत मामाला १५ हजार मिळाले. ८ हजार ४०० गेले ते गेले. उरलेल्या आठ जणांतल्या पाच जणांना काहीच मिळालं नाही. त्यांची उचल रोख होती आणि त्यांच्याकडं वहीसुद्धा नव्हती.

कायदा नव्हता असं समजू नका. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की ठेकेदारानं मजुरी बुडवली तर मुख्य मालकानं ती द्यायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यातसुद्धा कंपनी मोडीत निघाली तर कामगाराची २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या सावकाराच्या बरोबरीनं वरच्या रांगेत ठेवली आहेत. कायद्यानं रांग केली. पण रांगेत उभं राहायचं तर मस्टरवर नाव पाहिजे. चार ठेकेदारांच्या खाली जो पाचवा माणूस दगड फोडतो, खडी टाकतो, त्याचं नाव कोणत्या कंपनीच्या मस्टरवर असतं? मोठा तंटा कागदाच्या पायऱ्या चढत वर जातो. त्याच तंट्याचा भार खाली येतो तेव्हा कागद संपलेला असतो आणि माणूस उरलेला असतो.

आता कोणी म्हणेल, हा मजुरांचा प्रश्न, युनियनवाल्यांचा. आपण जातीवर बोलणारे, आपला काय संबंध? मित्रहो, बिनकागदाचा करार ही आपल्याला नवी गोष्ट आहे का? महारवतन म्हणजे दुसरं काय होतं? काम कोणतं, ते गाव ठरवणार. कधी करायचं, ते गाव ठरवणार. मोबदला किती, तो गावाच्या मर्जीवर. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल आणलं. कामं ठरवून द्या, मोबदला ठरवून द्या आणि तो गावच्या उंबऱ्यावर भीक मागून नको, रोख मिळू द्या, हा त्या मागणीचा गाभा. ते बिल पास झालं नाही. पण बाबासाहेबांची नजर कुठं होती बघा. ती मोबदल्यावर होती, कराराच्या शब्दावर होती.

त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, बाबासाहेब या अमरावतीत आले होते. वऱ्हाडातल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते आणि प्रश्न होता अंबादेवीच्या देवळात जाण्याचा. देवळाचा प्रश्न आज आपण मागं टाकला, धम्म घेतला. पण घराचा प्रश्न? ज्या घराचा पाया आपण खोदतो, भिंत आपण चढवतो, त्या घरात वास्तुशांतीच्या दिवशी आपलं पान कुठं मांडतात? ठिय्यावर जात विचारत नाहीत म्हणतात. खरंय, बोट दाखवताना विचारत नाहीत. पाणी देताना विचारतात. मिस्त्री कोण होणार आणि जन्मभर घमेलं कोण वाहणार, हे ठरवताना तर न विचारताच ओळखतात.

हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. सरकारी इमारती बांधणारा केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग त्याच खात्याच्या हाताखाली होता. कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला तो १९४६ च्या दुरुस्तीनं. त्यांच्या जयंतीला आपण डीजे लावतो. मजूरमंत्री बाबासाहेबांवर आपल्या वस्तीत एक व्याख्यान होत नाही. वस्तीतली निम्मी माणसं सकाळी ठिय्यावर उभी असतात, तरी होत नाही.

आता आजच्या सुधारणांबद्दल. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांचा वेगळा कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर, म्हणजे सेस, घ्यायचा आणि तो कामगारांच्या कल्याणावर खर्चायचा. महाराष्ट्रात मंडळ झालं ते २०११ साली. पंधरा वर्षं उशिरा. पंधरा वर्षांत किती इमारती झाल्या आणि किती माणसं पडली, त्याचा हिशेब कोणाकडून मागायचा? मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं देशाचा हिशेब आला. सेस जमला ३७ हजार ४०० कोटींच्या वर, कामगारांवर खर्च झाला सुमारे साडेनऊ हजार कोटी. बाकी पैसा पडून. आणि खर्चात काय निघालं? लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन. जिला प्यायचं पाणी दोन मजले खालून आणावं लागतं तिच्या नावावर वॉशिंग मशीन.

मंडळाच्या यादीत यायचं तर वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. दाखला द्यायचा कोणी? ठेकेदारानं. नाही तर ग्रामसेवकानं, पालिकेनं. ठेकेदार देत नाही, कारण दाखला दिला की हा माणूस माझ्याकडं होता हे कबूल होतं. मग दलाल उभा राहतो. पैसे द्या, दाखला घ्या. त्यामुळं कधी वीट न उचललेला माणूस भांड्यांचा संच घेऊन जातो आणि कोरकू बाई, जी मेळघाटातून दिवाळीनंतर लेकरं घेऊन खाली येते, भट्टीवर, साइटवर राबते आणि होळीला परत जाते, तिचं नाव कुठंच नसतं. भट्टीवर तर नवरा-बायकोची मिळून 'जोडी' धरतात. जोडीचा हिशेब नवऱ्याच्या नावावर. हात चार, नाव एक. मस्टरवरच्या नावाची गोष्ट मी सांगतोय, तर सगळ्यात आधी खोडलेलं नाव बाईचं आहे, आणि ते खोडणाऱ्यांत आपणही आहोत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. १९७० चा कायदा, १९९६ चा कायदा, सगळे त्यात गेले. याच्यावर घोषणा देणं सोपं आहे. आधी वाचा. मी दहावी पास, मला वाचायला महिना लागला. तुम्ही कॉलेजात आहात.

त्यात आपल्या विरुद्ध काय आहे? १९७० चा केंद्राचा कायदा २० कंत्राटी माणसांपासून लागू होई. आता ती हद्द ५० वर नेली. मामाच्या साइटवरच्या पेटी ठेकेदाराकडं नऊ माणसं. तो कुठल्या कुठं सुटला. स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेलं घर आधी १० लाखांपर्यंत मोकळं होतं, आता ५० लाखांपर्यंत मोकळं. अकोल्यात, अमरावतीत, मूर्तिजापुरात, दर्यापुरात बंगल्यामागून बंगले होताहेत. त्यातले ५० लाखांच्या वरचे किती, ते गवंड्याला विचारा. आणि सेस किती भरायचा याचा हिशेब आता मालकानं स्वतःच मांडायचा.

आणि आपल्या हाताला लागेल असं काय आहे? मजुरी बुडाली तर दावा करायला आधी एक वर्षाची मुदत होती, आता वेतन संहितेत तीन वर्षं आहेत. मजुरी दिली हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकली आहे. आणि प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं, असं लिहिलेलं आहे. नेमणुकीचं पत्र! ठिय्यावरच्या माणसाला! हसू नका. कायद्यातलं हे एक वाक्य हातात धरून ठिय्यावर गेलं पाहिजे. सरकार ते आपल्यासाठी राबवील, या भ्रमात मी नाही. पण दरवाजाला कडी आहे, तर हात तरी लावून बघू.

एक कडू गोष्ट बोलतो. पेटी ठेकेदारांत आज आपलीही पोरं आहेत. निळा झेंडा गाडीला, आणि ठिय्यावरच्या आपल्याच माणसाची मजुरी खिशात. त्यांचंही म्हणणं ऐका, कारण ते सगळंच खोटं नसतं. वरून बिल येत नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रातले कंत्राटदार थकलेल्या सरकारी बिलांसाठी कामं थांबवून रस्त्यावर आले होते. वर पैसा अडतो आणि तंटा खाली वाहतो, हे मान्य. पण वरच्यानं तुला बुडवलं म्हणून खालच्याला बुडवायचा हक्क तुला कोणी दिला? तुझं भांडण वर आहे, ते वर कर. आम्ही तुझ्यामागं उभे राहू. पण आधी नऊ माणसांचा हिशेब.

आता माझ्या गोदीकडं येतो, कारण तिथं हे घडून गेलेलं आहे. मुंबईच्या गोदीत एकेकाळी टोळीवाल्याचं राज्य होतं. जहाज लागलं की टोळीवाला माणसं निवडणार, पैसे त्याच्या हातून येणार, हप्ता त्याच्या खिशात जाणार. ठिय्याच तो. गोदी कामगार लढले. १९४८ चा कायदा आला, मग गोदी कामगार मंडळ झालं. मंडळाकडं कामगाराची नोंद, मंडळाकडं मालकाची नोंद. पाळी मंडळ लावणार, पगार मंडळ देणार. जहाज नसलं तरी हजेरीचे काही पैसे मिळणार. टोळीवाल्याचं बोट मोडलं. पुढं १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला तोही याच वाटेनं. व्यापाऱ्यानं पैसे मंडळात भरायचे, मंडळानं हमालाला द्यायचे. पाठीवर पोतं वाहणारा माणूस भविष्य निर्वाह निधीचा धनी झाला.

मी आज त्याच गोदीत आहे, पण कंत्राटी. मंडळाचा काळ गेला, ठेकेदार परत आला. म्हणजे मिळालेलं परत जातं, हे मी डोळ्यांनी बघतोय. पण मिळू शकतं, हेही त्याच गोदीनं दाखवलं. मग बांधकाम मंडळ भांडी का वाटतं? त्यानं मजुरी वाटावी. मालकानं मजुरीचे पैसे मंडळात भरावेत, मंडळानं ते थेट मजुराच्या खात्यात टाकावेत. मधल्या चार हातांना त्याला शिवता येऊ नये. आपली मोठी मागणी ही असली पाहिजे. आणि सरकारी कामांपुरती लगेच करण्याजोगी मागणी ही: रस्ता असो, शाळा असो, धरण असो, अगदी तळातल्या पेटीपर्यंतच्या मजुरांचं मस्टर चुकतं झाल्याशिवाय शेवटचं बिल निघता कामा नये. कंत्राटदाराला लवादाच्या निकालावर ७५ टक्के द्यायची अक्कल सरकारला सुचते, तर ही का सुचू नये?

मोठी मागणी वर्षानुवर्षं चालेल. सोमवारपासून काय करायचं ते सांगतो आणि बसतो.

अमरावतीत आणि अकोल्यात ठिय्ये किती, ते तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक ठिय्यावर दोघा पोरांनी सकाळी सात ते नऊ उभं राहायचं. भाषण करायचं नाही. वह्या वाटायच्या. प्रत्येक पानावर चार रकाने: तारीख, साइट, मुकादमाचं नाव, सही. आठवड्याला मुकादमाची सही घ्यायची. देत नसेल तर साइटच्या फलकासमोर उभं राहून फोटो काढायचा, तारीख आपोआप पडते. उचल रोख घ्यायची नाही, फोनवर घ्यायची. बाईची वही वेगळी. ती जोडीत घालायची नाही. कोरकू भावाबहिणींशी त्यांच्या बोलीत बोलणारा एक तरी आपल्यात पाहिजे. ९० दिवसांच्या दाखल्यासाठी दलालाकडं जायचं नाही, दहा-दहा जणांनी वह्या घेऊन ग्रामसेवकाच्या, पालिकेच्या दारात बसायचं. आणि शेवटची गोष्ट, मामानं मला शिकवलेली. तो म्हणतो, "हिशेब स्लॅबच्या आंधी मांगाव. स्लॅब पडला का आपली किंमत संपली." स्लॅबच्या आदल्या दिवशी नऊ माणसं हात बांधून उभी राहिली तर बिल्डर, ठेकेदार, पेटीवाला, तिघंही एका तासात साइटवर येतात. त्या एका दिवशी लवाद आपला असतो. तो दिवस वाया घालवू नका.

मामा आता नव्या साइटवर आहे. नवी वही केली आहे. परवा त्याच्याकडं उतरलो तेव्हा त्यानं दाखवली. रेघांच्या पुढं मुकादमाच्या वाकड्यातिकड्या सह्या आहेत. मुकादम कुरकुरतो म्हणे, पण करतो, कारण ठिय्यावरचे नऊच्या नऊ जण एकदम वह्या पुढं करतात. जुनी वही मी मागून घेतली. मामा म्हणाला, "काऊन रे, कविता करतं का याच्यावर?" मी म्हटलं, नाही मामा, अमरावतीला वाचून दाखवतो.

वाचून दाखवली. आता तुमच्या वह्या काढा.

जय भीम.